डाव्या हाताच्या गाठी

बाबा डावखुरे होते. जेवण उजव्या हाताने, प्रसाद उजव्या हाताने, हे लहानपणी त्यांच्या अंगी मारून मुटकून बाणवलेलं. पण गालिच्याच्या मागावर बसले की डावा हात मोकळा सुटायचा. तिथे त्यांना टोकायची कुणाची टाप नव्हती.

तरुणपणी मराठवाड्यात ते गालिचे विणायला शिकले आणि पोटासाठी चाकणच्या कंपनीत आले. पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला, तेव्हा शेजाऱ्यांनी हॉलमध्ये सोफा मांडला आणि आम्ही उभा माग. आई म्हणायची, "पाहुण्यांनी काय तुमच्या धाग्यांना लटकायचं?" सुट्टीच्या दिवशी मी नक्षी काढलेल्या चौकटींच्या कागदावरून रंग वाचायची, "दोन लाल, एक निळा." बाबा गाठी मारून म्हणायचे, "झालं." कागदावर फक्त पाव गालिचा असायचा. मधोमध मोठं फूल, त्याचाच चौथा हिस्सा प्रत्येक कोपऱ्यात, भोवती किनार. उजवी बाजू उलटी वाचली की डावी मिळते, खालची उलटी वाचली की वरची.

"अर्धा जमला की उरलेला जमलाच समज, माय," बाबा मला म्हणायचे.

शेवटचा गालिचा फुलाच्या मध्यापासून चार बोटं वर गेला आणि बाबा गेले. हार्ट अटॅक.

गालिचा पुरा करायचा आणि तो अख्खा बाबांचाच दिसला पाहिजे, असा हट्ट मी धरला. दर रविवारी बसायची. रंग मीच वाचायची, गाठ मीच मारायची आणि "झालं" म्हणायला कुणी नसायचं. त्या जागी मला फार रडू यायचं.

वीतभर विणल्यावर लक्षात आलं, खिडकीकडून बघितलं की माझा भाग गडद दिसतो, त्यांचा फिका. लोकर तीच, रंग तेच. हात फिरवला तेव्हा कळलं. उजव्या हाताच्या गाठींनी माझ्या भागातली लोकरीची लव एका बाजूला कलली होती, त्यांच्या भागातली दुसऱ्या.

आई म्हणाली, "राहू दे गं. लेकीचा हात आहे, दिसू दे की."

मी ऐकतेय होय! हट्टाच्या बाबतीत मी बापाच्या वरताण. वीतभर गाठी एकेक करून सोडवल्या आणि डाव्या हाताने मारायला शिकले. सुरुवातीला चार गाठी पडायच्या आणि तीन सुटायच्या. या कामात दोन वर्षं गेली.

परवा गालिचा मागावरून उतरवून हॉलमध्ये पसरला. खिडकीकडून बघितला, दाराकडून बघितला. कुठेही फरक नाही.

"अगदी ह्यांनीच विणल्यासारखा," आई म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

मी खाली बसले. मधल्या फुलावर तळहात ठेवला आणि हळूहळू वर सरकत गेले. बाबा कुठे थांबले होते, ती जागा मी शोधत होते. पुन्हा पुन्हा हात फिरवला. त्यांची शेवटची गाठ मला सापडली नाही.