मोहाच्या ढेपेचा वास
मोहाच्या ढेपेचा, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेल्या चोथ्याचा, उग्र वास आला की मला आमच्या शेतातल्या बोडीवरचा, छोट्या तळ्यावरचा, एक दिवस आठवतो. नको ते मासे मरावेत म्हणून आईने पाण्यात ढेप टाकली होती. तिचं विष उतरायला पंधरा दिवस लागतात, आणि बाबा दहाव्याच दिवशी माशांचं बीज, म्हणजे पाळायची पिल्लं, पाण्याच्या पिशव्यांत घेऊन आले. "गाडी आजच भेटली, मी का करू?" ते म्हणाले. बीज मेलं असतं तर वर्षभर ना खायला मासा, ना विकायला. पाणी पारखायला आईने दहा पिल्लं मच्छरदानीच्या झोळीत घालून पाण्यात सोडली, बाकीच्या पिशव्या सावलीत ठेवल्या. बाबांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. सांजेला तिने झोळी उचलली. "दहाही जित्ती हायेत," ती म्हणाली, "आता जेवा." आज बोडी मी सांभाळते, दिवस पुरे मोजते, तरी झोळी वर येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.