तेलाचे ब्रेक

एका रविवारी सकाळी माझा नवरा सायकलसकट आमच्याच सोसायटीच्या फाटकाला धडकला. फार लागलं नाही, गुडघा खरचटला. फाटकावरच्या गार्डला मात्र घाम फुटला, की आता हा साहेब आपली तक्रार करणार. वर आल्यावर नवऱ्याने जाहीर केलं की ब्रेक कामातून गेले आहेत. मी चहा गाळत होते. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. एरवी अशा टोमण्याला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. पुण्याचा माणूस, उधारी ठेवत नाही. त्या दिवशी तो नुसता गुडघ्याला मलम लावत राहिला. ती म्हण मी त्यानंतर कधीच वापरली नाही.

नोएडात डोंगर औषधालाही नाही, तरी साहेबांना डोंगरावरची सायकल हवी होती. मेट्रो आमच्याकडे नुकतीच आली होती, फ्लॅटचा हप्ता सुरू होता, आणि ऑफिसातल्या चार-पाच जणांनी मिळून जाड टायरच्या, डिस्क ब्रेकच्या सायकली घेतल्या. मी खूप हसले. मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे सायकल म्हणजे दूधवाल्याची किंवा बाबांच्या ऑफिसातल्या शिपायाची. पण दर रविवारी पहाटे तो एक्सप्रेसवेच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यांवर जायचा. तिकडे सेक्टरांना नुसते नंबर मिळाले होते, घरं अजून यायची होती. अर्धवट उभे टॉवर, मधेच एखादं गाव, गावाबाहेर म्हशी. परत येताना पिशवीत शेतातली मुळ्यांची जुडी नाहीतर गाजरं असायची आणि चेहऱ्यावर धूळ. इतका खूश तो फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हाही नव्हता. आठवडाभर मान खाली घालून स्क्रीनसमोर बसणारा माणूस त्या दोन तासांवर जगायचा.

तर ब्रेक. त्याने आधी पॅड बदलले. मग तारा बदलल्या. मग एका संध्याकाळी बाल्कनीत बसून पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या तारांची अदलाबदल केली. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. त्याने तो डाव्या हाताला आणला. "हे काय उलटं?" मी विचारलं. "बाहेरच्या देशांत असंच असतं," तो म्हणाला. मला खरं वाटलं. त्याचं सायकलीबद्दलचं वाचन दांडगं होतं, आणि मी चाकाला अजूनही दिल्लीच्या हिंदीप्रमाणे 'चक्का' म्हणते यावरून तो मला चिडवायचा, तेव्हा मी कशाला वाद घालू?

तरीही ब्रेक लागेनातच. मग रोज संध्याकाळी नव्या ब्रेकचा शोध सुरू झाला. मला जेवताना धडे मिळायचे. तारेचे ब्रेक स्वस्त, पण दाबायला जड. तेलाचे ब्रेक हलके, एका बोटाचं काम, पण महाग. चाकावरच्या चकत्या चांगल्या आहेत, त्या जुन्याच ठेवायच्या, म्हणजे तेवढे पैसे वाचतील. त्याला हवे होते तेलाचेच, आणि तेही तारेच्या भावात. मी म्हटलं, "सोनं पण मग पितळेच्या भावात माग." हप्ते होते, मान्य आहे, पण इतकीही ओढाताण नव्हती. हा माणूस स्वतःच्या एकुलत्या एका हौसेत अशी काटकसर करतो, याचा मला खरोखर संताप यायचा.

त्याच दिवसांत तो शर्टाची वरची बटणं लावायची सोडून देत असे. लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवायचा. "दिवसभर माउस धरून हात आखडतो यार," असं म्हणायचा. नोएडातल्या निम्म्या लोकांचे हात आखडायचे. मीही त्याला तेल चोळून द्यायचे आणि विषय संपायचा.

शेवटी एका शनिवारी आम्ही मेट्रोने झंडेवालानला गेलो. तिथे सायकलींचा मोठा बाजार आहे, एकाला एक लागून दुकानं. त्याने निवडलेलं दुकान अरुंद होतं आणि मालक गोरागोमटा, बोलघेवडा पंजाबी. काउंटरवर एका दांड्याला सगळ्या प्रकारचे ब्रेक लावून ठेवलेले, दाबून बघायला.

नवऱ्याने आधी तारेचा लिव्हर दाबला, उजव्या हाताने. तो अर्ध्यावर गेला आणि थांबला. मी शेजारीच उभी होते. त्याची बोटं पांढरी पडली, थरथरली, आणि मग डावा हात हळूच येऊन उजव्यावर बसला. दोन्ही हातांनी मिळून त्याने तो लिव्हर दाबला. तो हात काढून बाजूला झाल्यावर मी सहज दाबून पाहिला. माझ्या दोन बोटांत तो पूर्ण आत गेला.

मग तेलाचा. तो त्याच्या उजव्या हातानेसुद्धा लागला. नवरा इतका मनापासून हसला की दुकानदारही हसला.

तेलाचे दोन सेट समोर आले. एक अगदी स्वस्तातला. दुसरा चांगला, पण महाग. तो बाहेरच्या देशासाठी बनवलेला होता, पुढचा ब्रेक डावीकडे. "ये उल्टा है जी, इधर कोई लेता नहीं," दुकानदार म्हणाला. "लेकिन चीज़ बढ़िया है. सस्ते वाले में तेल टपकने लगता है. ये ले जाओ, दो-तीन साल हाथ नहीं लगाना पड़ेगा."

उलटा म्हणजे आम्हाला हवा तसाच. मला वाटलं, झालं काम. तर नवरा म्हणाला, "सस्ता वाला दिखाइए."

आता दिल्लीतल्या मराठी माणसांची एक जुनी सवय सांगायला हवी. दुकानात हिंदी दुकानदारासाठी आणि मराठी आपापसांत. माझी आई सरोजिनी नगरच्या बाजारात भर गर्दीत, कपड्याला नाक मुरडत, मला मराठीत सांगायची की फार छान आहे, पण तू तोंड पाडून उभी राहा. मी लग्नानंतर नवऱ्याला हे शिकवलं, आणि तो माझ्याहून तरबेज झाला. चेहरा कोरा ठेवायचा, आवाज पडेल ठेवायचा, जणू वस्तूत खोटच काढतोय. दुकानदाराला शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो.

म्हणून मी महागाचा सेट उलटासुलटा करत, कंटाळल्यासारखा चेहरा करून मराठीत म्हटलं, "अरे, कंजूषपणाची हद्द झाली. दोन-तीन वर्षं बघायला नको म्हणतोय तो. घेऊन टाक ना."

त्याने स्वस्ताचा सेट हातात घेतला. "मला दोन-तीन वर्षं लागणार नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सांगतो. पण चेहरा बिघडवू नकोस, तो भाव वाढवेल."

मी चेहरा बिघडवला नाही. त्याने ब्रेकची नळी बोटांवर फिरवत, खोट काढण्याच्या त्याच सुरात सगळं सांगितलं. हात माउसने आखडत नव्हता. पुढचा ब्रेक डावीकडे आणला तोही उजव्या हातात जोर उरला नव्हता म्हणून. तो दोनदा डॉक्टरकडे जाऊन आला होता, ऑफिसातून, एकटाच. तपासण्या झाल्या होत्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात असा तो आजार. आधी हात, मग बाकीचं. औषध असं नाही. "सायकल चालवता येईल ती या हिवाळ्यात," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी महाग कशाला? पैसे तुला लागतील."

मी हातातल्या ब्रेककडे बघत राहिले. "तू एकटा गेलास?" मी विचारलं. आवाज माझा मला ओळखू येईना.

"तुला हप्त्यांचं टेन्शन होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आता सांगतोय ना."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्या दुकानात, त्या पंजाब्यासमोर, त्याची कॉलर धरून गदागदा हलवावं आणि मग सोडूच नये. मी काहीच केलं नाही. डोळे भरून आले तशी मी मान खाली घातली आणि महागाचा सेट काउंटरवर ठेवून दिला.

दुकानदार एवढा वेळ आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मी सेट खाली ठेवलेला पाहून त्याने सुस्कारा सोडला. "अच्छा मैडम, आप तो बहुत पक्के निकले," तो म्हणाला. "चलो, सस्ते वाले के दाम में यही ले जाओ. अब खुश?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला हसू आवरेना. "बघ," तो मराठीत म्हणाला, "सोनं पितळेच्या भावात." आणि मी त्या दुकानात उभ्या उभ्या रडले. दुकानदाराला वाटलं असेल, दिल्लीत कसे कसे ग्राहक येतात.

ब्रेक घरी मीच बसवले. त्याच्या हातात पाना ठरत नव्हता, म्हणून तो बाल्कनीत स्टुलावर बसून सांगायचा आणि मी करायचे. स्क्रू दोनदा चुकीच्या बाजूला फिरवला. "चक्का फिरवून बघा मॅडम," शेवटी तो म्हणाला, आणि मी फिरवला. लिव्हर दाबला की चाक जागच्या जागी थांबत होतं. कधी आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलं नसेल.

होळीपर्यंत तो सायकल चालवत होता. शेवटी शेवटी लांब नाही, सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, आणि मी बाकावर बसून बघायचे. ब्रेकने त्याला एकदाही दगा दिला नाही. पुढे पाय ऐकेनासे झाले, आणि मग बाकीचं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, सांगितल्या क्रमाने. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या सेक्टरपलीकडची शेतं संपली, टॉवर भरले, त्या रस्त्यांवर आता सायकल काढायची सोय नाही.

सायकल बाल्कनीत आहे. शेजारचे विचारतात, विकायची का. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्या ब्रेकला अजून हात लावावा लागलेला नाही. धूळ पुसताना मी मागचं चाक उचलून फिरवते आणि उजवा लिव्हर दाबते. अजून एका बोटात चाक थांबतं. मला त्या ब्रेकचा भयंकर राग येतो. मग मी लिव्हर सोडते आणि उरलेली सायकल पुसायला घेते.