येवल्याच्या बसने पाठवलेला चष्मा

माझ्यासारख्याने आठवण लिहावी की नाही, मला अजून कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. काल मी काम करतो त्या कुरिअरच्या दुकानात एका बाईंना विचारलं, "आत काच आहे का?" आणि मला अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, तीन वर्षांपूर्वीचा चष्मा आठवला. ते पैठणी विणतात, पण धागे दिसेनासे झाले आणि दोन महिने माग बंद राहिला. नाशकात, माझ्या कॉलेजच्या गावी, डोळे तपासून ते येवल्याला परतले होते. चष्मा तयार झाला तेव्हा माझी परीक्षा सुरू होती. कुरिअरवाला म्हणाला, काच फुटली तर आमची जबाबदारी नाही. म्हणून मी चष्म्याची डबी घेऊन स्टँडवर गेलो आणि येवल्याच्या बसच्या ड्रायव्हरकाकांना भीतभीत विचारलं. "न्यायला कोण येईल?" "वडील." "ओळखायचं कसं?" "डोळे बारीक करून गाडीची पाटी वाचत उभे असतील." काका हसले. "म्हणजे मलाच त्यांना शोधावं लागणार. मागे नको ठेवू, लय हादरे बसतात," म्हणत त्यांनी गळ्यातला टॉवेल काढून त्यात डबी गुंडाळली आणि आपल्या सीटशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं लक्ष लागेना. बाहेर येऊन घरी फोन केला, तर आईने फोन मागाजवळ धरला. खटखट चालू होती. मग ती हळूच म्हणाली, "सकाळपासून चहालासुद्धा उठले नाहीत रे."