जुळलेली गुणसूत्रं

लग्नानंतर माझ्या पीएचडीचं बरंचसं काम आर्णीजवळच्या आमच्या शेतातच झालं. बांधावरच्या गवतात दोन जातींचे नाकतोडे होते. दिसायला इतके सारखे की माझीही फसगत व्हायची. संध्याकाळी नवरा कपाशीतून आला की जाळी घेऊन माझ्यासोबत फिरायचा. एखादा पकडून विचारायचा, "हा कोन्या घरचा वं?"

ते यवतमाळच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखालीच कळायचं. एका जातीत गुणसूत्रांच्या सगळ्या काड्या सुट्या. दुसरीत त्यातल्या दोन टोकाला जुळून एक झालेल्या. म्हणून तिचं काही बिघडत नव्हतं. पण दोघींचा संकर झाला की त्याच्या अंगात दोन्ही तऱ्हा यायच्या, अंडी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकायची, आणि त्याच्या बऱ्याच अंड्यांतून पिल्लं निघायचीच नाहीत.

त्याच वर्षांत माझीही बाळं राहत नव्हती. दिवस जायचे आणि दोन-तीन महिन्यांत सगळं संपायचं. सासूबाई टोचून बोलत नसत, पण केळापूरच्या देवीची ओटी माझ्याच नावानं भरत.

नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट हातात आले तेव्हा डॉक्टर यायचे होते. मी पाकीट उघडलं. माझी गुणसूत्रं नीट होती. नवऱ्याच्या फोटोत दोन काड्या टोकाला जुळलेल्या.

"माह्यात हाय ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"नाकतोड्यावानी?"

मी त्याचा हात धरला.

घरी आल्यावर त्यानं स्वतःच आईला सांगितलं. सासूबाई तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तुह्या आंधी माहे बी असेच गेले. मी आपली माह्याच पोटाले दोष देत राह्यली."

सासरे वारले होते. सासूबाईंचं रक्त तपासलं असतं तर हे कोणाकडून आलं ते कळलं असतं. मी तो विषय काढला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, एखादं मूल नीट राहूही शकतं. आम्ही पुन्हा धीर केला. ती मुलगी होती. पाचव्या महिन्यात गेली. नवऱ्यानं तिला शेताच्या कडेला पुरलं आणि त्यानंतर आम्ही दोघंही थांबलो.

मागल्या हिवाळ्यात सासूबाईंसोबत आर्णीच्या बाजारात गेले होते. ओळखीच्या एका बाईनं माझ्यादेखतच त्यांना विचारलं, "सुनेले काहून नाही झालं वं लेकरू?"

"तिच्यात काई नाही," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याच रक्तात हाय ते."

सासूबाईंनी मेथीची जुडी उचलून पिशवीत टाकली.