डाव्या भुवईवरचा रंग

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकाला लागते. मी बिदरला शाळेत विज्ञान शिकवते, माझे वडील अप्पा पक्के बौद्ध... करणी, अंगात येणं असल्या गोष्टींना चिंताकी गावातल्या आमच्या घरात कधी थाराच नव्हता. तरीही हे लिहितेय.

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिचा एकही फोटो नाही. अप्पा आता ऐंशीचे — त्यांच्यानंतर तिचा चेहरा कुणालाच ठाऊक नसणार. याचीच मला धास्ती होती.

जनवाड्याला एक चित्रकार अण्णा आहेत. त्यांची नजर अशी गेलीय की समोर सगळं धुकं, फक्त कडेचं दिसतं. म्हणून मान तिरकी करून रंगवतात. फोटो नसलेल्या माणसाचं चित्र काढायचं, तर आधी त्याच्या लेकरांचा चेहरा बोटांनी चाचपतात. मी आईचं चित्र काढून घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझं कपाळ, गाल, हनुवटी बराच वेळ चाचपली.

आठवड्यानं चित्र आणायला गेले. बाई माझ्याच वळणाची होती, पण डाव्या भुवईत एक आडवा व्रण!

"अण्णा, हे कामून काढलाव? माझ्या भुवईला तर काईच न्हाई. हात घसरला वाटतं."

"घसरला न्हाई, अक्का. तितं बोट अडकलं माझं."

"माझी भुवई मला ठाऊक न्हाई व्हय? बुजवा ते."

त्यांनी मान तिरकी करून व्रणावर रंगाचा थर चढवला.

घरी अप्पांनी चित्र मांडीवर घेतलं आणि रडायलाच लागले. "हीच की गं..." मग डाव्या भुवईवर अंगठा ठेवला. "हितली खूण कुठं गेली? लहानपणी विळा लागला व्हता तिला."

मला ही खूण कधी कुणी सांगितली नव्हती, आणि अप्पा त्या अण्णांना कधी भेटलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन परत जनवाड्याला गेले. अण्णांनी माझी भुवई पुन्हा चाचपली. दोनदा, तीनदा.

"आता काई लागंना, अक्का."

"मी सांगते की कुठं ते!"

"ऐकून काढली तर ती तुमच्या आईची व्हणार न्हाई."

मी शिकवते त्यातलं काहीच इथं लागू पडत नाही. योगायोग म्हणावं, तर बोट नेमकं तिथंच कसं अडकलं? खुपतं ते एवढंच — आईची खूण मीच पुसायला लावली.

अप्पा रोज सकाळी वंदना झाली की चित्रातल्या भुवईवर अंगठा टेकवतात. तिथला वरचा रंग आता झिजत चाललाय. धूळ पुसताना मी तेवढी जागा सोडते.