चौदा हजार चारशेचा दरारा

१९९४ सालचा हिवाळा, डिसेंबरचा पहिला आठवडा. माझ्या हातून काय गाढवपणा झाला, ऐकायचंय? चहा घ्या आधी. मी सहसा चुकत नाही, म्हणून महिना पक्का लक्षात आहे!

शिक्षण सातवी. आयुष्य टेलिफोनच्या केबली जोडण्यात गेलं. पण बोरिवलीत बुलेटिन बोर्ड चालवणारा मी! म्हणजे घरचा संगणक मॉडेमने फोनला जोडायचा. लोकांनी आपल्या संगणकावरून फोन लावून निरोप वाचायचे, ठेवायचे. अशा बोर्डांची डिरेक्टरी दर शुक्रवारी निघे: नाव, फोन नंबर, मॉडेमचा वेग. घाटकोपरच्या वैद्यबाई ती काढत, आणि लोक ताजी डिरेक्टरी बघूनच फोन लावत. बोरिवली ते अंधेरी, सहा बोर्डांची यादी मी पाठवायची.

वेगाचे आकडे बाईंनी ठरवलेले. ३००, १२००, २४००, ९६००. बस्स.

आणि मी आणला १४४००चा मॉडेम!

"तात्या, तुम्ही ९६००च लिहा," बाई फोनवर म्हणाल्या.

"का? घोडा घ्यायचा आणि गाढव लिहायचं?"

"खरा वेग ओळीच्या शेवटी खुणेनं दाखवायचा. आकडा मात्र ठरलेलाच हवा, नाहीतर..."

मी फोन आपटला. खूण करायला मी काय अंगठेबहाद्दर आहे?

आकड्यांत पाचवा, १४४००, मीच घातला. आणखी चौघांकडे तसाच मॉडेम होता. त्यांच्या नावापुढेही ठोकून दिला. राहिला अंधेरीचा नाईक. २४००वाला. बैलगाडी!

शुक्रवारी डिरेक्टरी निघाली. शनिवारपासून माझा फोन गप्प.

"फोन मेला का हो?" बायको म्हणाली.

"घाबरलेत. एवढ्या वेगाला फोन लावायला छाती लागते."

सोमवारी त्या चौघांतला मालाडचा सावंत रडवेला. "तात्या, एक माणूस फिरकत नाही. बोर्ड बंद करू?"

"खुळ्या, हा दरारा आहे! छाती काढून बस."

बुधवारी नाईकचा फोन. "तात्या, वाट लागली माझी! ठेवला की वाजतो. अख्खं उपनगर माझ्याकडेच येतंय!"

"असतात काहींना बैलगाड्या आवडत."

"डिरेक्टरी उघडून बघितलीत का?"

मी कशाला बघू? यादी मीच तर पाठवली होती! तरी उघडली. बोरिवली ते अंधेरी एकच बोर्ड. नाईक.

बाईंना फोन लावला. त्या शांत. "ठरल्याबाहेरचा आकडा दिसला की संगणक अख्खी ओळ गाळतो. तेच सांगत होते. तुम्ही आपटलात."

पाच ओळी. त्यातली एक माझी, तिचं सोडा. पण सावंतने बोर्ड खरंच बंद करायला घेतला होता.

"दोन दिवस थांब," त्याला म्हटलं. पाचही नावांपुढे ९६०० लिहिलं. शेवटी खूण केली, निमूट. शुक्रवारी पाचही बोर्ड परत आले.

चौघांचे सात दिवस मी खाल्ले होते. शनिवारपासून सात दिवस, रोज चौघांच्याही बोर्डांना मी स्वतः फोन लावला आणि निरोप ठेवला. प्रत्येक निरोपात एकच शब्द. चुकलो.

चार सत्ते अठ्ठावीस. अठ्ठाविसावा मालाडला लागला. फिटलं.