वहाबमुन्शी आणि सातवी जुडी

वहाबमुन्शी सोमवारच्या बाजारात नेमके आवडाबाईच्याच भाजीपुढं का थांबतात, या एका प्रश्नावर त्या कसब्यानं जेवढा चहा रिचवला, त्याचा हिशेब खुद्द मुन्शींनाही लागला नसता. कसबा औरंगाबादेहून फुलंब्रीकडं जाताना लागणारा. नाव घ्यायचं नाही. तिथली माणसं अजून राग धरतात, आणि राग धरायला त्यांना कारण लागतंच असंही नाही.

खरं सांगायचं तर मामला तसा काही नव्हता. मुन्शींच्या घरी ताहेराबी होत्या, पाच लेकरं होती, आणि ताहेराबींची नजर अशी, की मुन्शींच्या टोपीवरच्या धुळीवरून ते कुठल्या गल्लीनं आले हे सांगावं. मुन्शी थांबत ते पालेभाजीसाठी. दर सोमवारी सहा जुड्या. मेथी, चुका, अंबाडी, जे ताजं असेल ते. सहा जुड्यांचे पैसे हातात पडले की आवडाबाई सातवी वर टाकायची. तिचा रिवाजच होता तो, सहा घेणाऱ्याला सातवी वरून. सगळं गाव ती मुकाट्यानं पिशवीत घाली. मुन्शी तेवढी उचलून परत तिच्या पाटीत ठेवत.

"नक्को, आवडाबाई. बाजाराची पावती मीच फाडतो. तुमच्याकडून वरून कसं घेऊ?"

"घ्या की वो मुन्शी. मेथी हाय, सोनं नाय."

"आज मेथी घेतली, उद्या..."

"उद्या चुका घ्या," आवडाबाई म्हणायची, आणि ओळीतल्या साऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मुन्शींचे कान लाल व्हायचे. गावाला तेवढा पुरावा पुरे होता.

मुन्शी होते टाऊन कमिटीचे हिशेबनीस. गाव अजून तिला बलदियाच म्हणे. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. कचेरीच्या भिंतीवरची तसबीर बदलली होती, कामकाजाची भाषा बदलली होती, आणि खुर्चीत निवडून आलेले चेअरमन नानासाहेब बसू लागले होते. हिशेबनीस तेवढा जुना राहिला. जन्मभर उर्दूत हिशेब लिहिलेला हा माणूस केस पिकायला लागल्यावर थोरल्या पोरीच्या पाटीवर मराठी गिरवायला बसला. पोर कान धरायची म्हणे. आता ते खरं की ताहेराबींनी शेजारणीला सांगितलेलं, देव जाणे. पण चार महिन्यांत मुन्शी मराठीत पावती फाडू लागले.

आणि एवढ्यात हुकूम आला, की पहिल्या तारखेपासून कमिटीचा हाली पैसा बंद, सगळा व्यवहार कळदारात.

हाली म्हणजे निजामाचा रुपया, कळदार म्हणजे दिल्ली सरकारचा. सात हालीचे सहा कळदार. ऐकायला सोपं. मोठ्या रकमा मुन्शींनी बसल्या बैठकीत बदलून टाकल्या. घोडं अडलं ते आण्यापाशी. बाजारात बूड टेकायची पट्टी होती एक आणा हाली. कळदारात त्याचा होई पाऊण आणा आणि वर थोडं. ते 'वर थोडं' देता येईल असं नाणं बाजारात कुणाच्या कनवटीला नव्हतं. पुरा आणा कळदार घ्यावा तर पट्टी वाढली म्हणून बाया बोंबलणार, पाऊण घ्यावा तर कमिटी खड्ड्यात.

पहिल्या सोमवारी मुन्शींनी भीत भीत पुरा आणा मागितला. आवडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाजी तीच, पोतं तेच, जागा बी तीच. मग आणाच कसा जड झाला वो? निजामाला घालवलं ते ह्याच्यासाठी व्हय?"

"बाई, मैंने नहीं घालवला," मुन्शी कळवळून म्हणाले. एरवी या बोलण्यावर बाजार हसला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही. बायांनी सांगून टाकलं, असंच असेल तर आम्ही फुलंब्रीच्या बाजारात बसू.

कमिटीच्या बैठकीत नानासाहेबांनी प्रश्न एका दमात सोडवला.

"पाऊण आणा करा. बाया मतं देतात, मुन्शी. तुमचे आकडे मतं देत नाहीत."

"साहेब, झाडणाऱ्यांचा पगार याच पट्टीतून निघतो. पाऊण केला तर एका माणसाचा पगार कमी पडेल."

"मग एक माणूस कमी करा. सात हायेत. ती म्हातारी, काय नाव तिचं, चतुराबाई. ती गल्ली झाडती का झाडूला टेकून उभी राहती, हेच कळत नाय."

सभासद हसले. मुन्शींनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

त्याला कारण होतं. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत मुन्शी घराला कुलूप लावून, लेकरंबाळं घेऊन शहरात शहागंजला सासऱ्यांकडं गेले होते. परतीची खात्री नव्हती. असं बंद घर फार दिवस टिकत नाही. दारापुढं पाचोळा साचला, की लोकांना कळतं, इथं कुणी नाही आणि येणारही नाही. त्या गल्लीतली अशी दोन घरं फुटली होती. मुन्शी परतले तेव्हा त्यांच्या दारापुढं पाचोळ्याचं एक पान नव्हतं. जमीन झाडलेली, वर पाण्याचा सडा, जणू ताहेराबी आत्ताच आत गेल्यात. कुलूप जसंच्या तसं. चतुराबाई रोज उजाडायच्या आधी येऊन तेवढं करून जात होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुन्शींनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "धूळ लई झाली हुती." बस्स. त्यावर दोघांमध्ये पुन्हा एक शब्द झाला नाही.

तर त्या बैठकीत मुन्शींनी पुढच्या बैठकीपर्यंतची मुदत मागून घेतली. ते घरी पोचायच्या आत बातमी गावभर झाली होती. त्या कसब्यात कमिटीचा ठराव गावाला आधी कळे आणि कमिटीला मागाहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई त्यांच्या दारापुढं झाडत होती. मुन्शी बाहेर आले तशी ती थांबली.

"साहेब, मला काढणार म्हणत्यात."

मुन्शींनी टोपी काढली, पुन्हा घातली. खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं बोलायची हिंमत होत नव्हती.

"काढलं तर काढलं," म्हातारीच म्हणाली. "पण हे दार मी झाडणारच हां. हे काय कमिटीचं काम नाय." आणि खाली वाकून पुन्हा झाडू लागली. आत ताहेराबी पडद्याआड उभ्या होत्या. त्यांनी त्या दिवशी मुन्शींच्या चहात साखर घातलीच नाही. विसरल्या, की मुद्दाम, हे मुन्शींनी विचारलं नाही. फिका चहा पिऊन ते कचेरीत गेले.

सोमवार आला. मुन्शी आवडाबाईपुढं उभे राहिले. ती फुरंगटलेलीच होती, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. सहा जुड्या मोजून दिल्या, सातवी वर टाकली. मुन्शींनी नेहमीसारखी ती उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मेथीकडं बघताहेत, ओठ हलताहेत. शेजारची भेंडीवाली दगडाबाई आवडाबाईला कोपर मारून म्हणाली, "अगं, मुन्शीला काय झालं? निकाह लावतो का काय जुडीशी?"

मुन्शींना ऐकूच आलं नाही. सहाचे पैसे, सातवी वरून. सहा कळदार, सात हाली. जे गणित त्यांना बैठकीत बसून सुटत नव्हतं, ते ही बाई वर्षानुवर्षं पिशवीत टाकत होती आणि ते परत करत होते.

पुढच्या बैठकीत ते उभे राहून म्हणाले, "साहेब, सहा बाजार पुरा आणा कळदार घ्यायचा. सातवा बाजार माफ. बायांचं जातं तेवढंच, कमिटीला येतं तेवढंच."

नानासाहेबांनी बोटं मोडून मोडून पाहिलं. चूक सापडेना, म्हणून त्यांना आणखीच संशय आला. "ठीक हाय. एक फेरा बघू. सातव्या बाजारी जमा पुरी भरली नाय, तर म्हातारी घरी. मग माझ्याकडं यायचं नाय."

बाजारात दवंडी पिटली. आवडाबाईनं तर मिशी असती तर पीळ भरला असता. "माझंच हाय ते! बलदियानं माझ्याकडनं शिकून घेतलं!" बायांनी आणा द्यायला सुरुवात केली, तोंडानं शिव्या देत का होईना.

पण मुन्शींनी हिशेब पाहिला आणि माणूस पाहायचा राहिला. एरवी अधूनमधून बसणारी जी मंडळी होती, कुणी टरबुजं आणणारा, कुणी मातीची भांडी आणणारा, त्यांनी साधा विचार केला. पैसे देऊन कशाला बसा, सातव्याला फुकट बसू. बाजार दर सोमवारी थोडा थोडा विरळ होत गेला. सहाव्या सोमवारी मुन्शींची पैशांची थैली वाजायला हवी तशी वाजत नव्हती.

आणि सातव्या सोमवारी जत्रा लोटली. कधी न दिसलेल्या गाड्या, कधी न दिसलेली तोंडं. जागा पुरेना. आणि आज तर माफी. नानासाहेब पांढरंशुभ्र धोतर सावरत मुद्दाम बघायला आले.

"काय मुन्शी, आकडे बरोबर आले, माणसं चुकली ना?"

ओळीच्या पार टोकाला चतुराबाई गर्दीतून वाट काढत पाचोळा लोटत होती. मुन्शी तिकडं बघत राहिले.

तेवढ्यात आवडाबाईचा आवाज चढला. तिच्या ठरलेल्या जागेवर कारभारी नावाचा एक बुवा टरबुजांचा ढीग घालून बसला होता.

"ऊठ रं! ही जागा माझी."

"आज समद्यांना माफ हाय, मावशे."

"माफ कुणाला? सहा बाजार बसंल त्याला. तू कुठं हुतास?"

"इथंच हुतो की."

"इथंच?" आवडाबाईनं पाटी खाली ठेवली. मग जे झालं, ते त्या बाजारानं कधी पाहिलं नव्हतं. "तिसऱ्या बाजारी तुझ्या मेव्हणीचं लगीन हुतं, तिथं तू वरणावरनं भांडलास. चौथ्याला बायको रुसून गेली, तिला आणाया गेला हुतास. आन ती आली नाय, ते बी सांगू का?"

बाजार फुटला हसून. कारभारीनं घाईनं आणा काढला. "घे मावशे, पण गप बस."

"मला नको, मुन्शीला दे."

एवढं पाहिल्यावर दगडाबाई उठली, मग तिच्या पलीकडची उठली. ओळीतल्या बायांना कुठला बाजार कुणी चुकवला आणि त्या दिवशी तो कुठं होता, कुणाबरोबर होता, हे सगळं पाठ होतं. बाया पुढं, मुन्शी पावतीपुस्तक घेऊन मागं, अशी वरात निघाली. बायांनी तोंड उघडायच्या आतच लोक आणा पुढं करू लागले. सरकारनं पुढं किती तपासनीस पाठवले, पण असली कसून तपासणी त्या कसब्यानं पुन्हा पाहिली नाही.

शेवटी आवडाबाई नानासाहेबांपुढं येऊन थांबली.

"चेअरमनसाहेब, तुमच्या मळ्यातली वांगी बी आजच बाजारात दिसायली. मागले सहा सोमवार धरली नव्हती व्हय?"

नानासाहेबांनी गाडीवानाकडं पाहिलं, गाडीवानानं बैलाकडं. मग त्यांनी कनवटीचा आणा काढून मुन्शींच्या हातावर ठेवला आणि स्वतःच हसले. माणूस राजकारणातला असला तरी वाईट नव्हता. "काढा पावती," म्हणाले. "आणि म्हातारीला सांगा, गल्लीचा कोपरा नीट झाडत जा म्हणावं."

थैली आता बरोबर वाजत होती. मुन्शींनी चष्मा पुसला. आवडाबाई मान वळवून म्हणाली, "चतुरा माझी जागा रोज झाडून ठेवती. तिला काढायचं म्हणत्यात, हे आम्हाला ठाव नाय व्हय? तुम्ही बोलला न्हाईत म्हणून आम्ही बी बोललो न्हाय."

दिवस कलला. बाजार मोडायला आला, तसे मुन्शी भाजीपुढं आले. सहा जुड्या घेतल्या, पैसे दिले. सातवी वर पडली. मुन्शींचा हात सवयीनं ती उचलायला गेला, तेव्हा मागून आवाज आला. चतुराबाई झाडूला टेकून उभी होती.

"राहू द्या की साहेब. सातवी माफ, असं कमिटीनंच ठरवलंय ना?"

ओळीतल्या बाया श्वास रोखून बघत होत्या. मुन्शींनी सातही जुड्या रुमालात बांधल्या आणि खाली मान घालून घरी निघाले. मुन्शी आवडाबाईला अखेर वश झाले, ही बातमी त्यांच्याआधी दाराशी पोचलेली होती. ताहेराबींनी रुमाल सोडला, जुड्या मोजल्या.

"क्या जी, आज सात?"

"ठराव हुआ," मुन्शी म्हणाले.

ताहेराबींनी नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा नीट पाहिलं आणि मेथी निवडायला घेतली. सकाळी चतुराबाई दार झाडायला आली, तेव्हा पडदा बाजूला झाला आणि ताटलीत गरम भाकरी अन् मेथी बाहेर आली. म्हातारीनं झाडू भिंतीला लावला आणि ओट्यावर टेकली. ती जेवत होती तोवर अर्धी गल्ली तशीच पडून राहिली, आणि कमिटीच्या हिशेबनिसानं दारात उभं राहून ते बघितलं आणि त्याची कुठं नोंद केली नाही.